सबुरीचा सल्ला

"मुद्दा बरोबर आहे हो, पण बोलायची पद्धत चुकते." सातारा-सांगलीकडे चळवळीतल्या कुणाचाही विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. विरोधक असे बोलत नाहीत, ते सरळ शिव्या देतात. हे म्हणणारी माणसे बहुधा आपल्याच बाजूची असतात. निवृत्त शिक्षक, सोसायटीचे चेअरमन, वाचनालयाचे कार्यवाह, मागितली की मुकाट्याने वर्गणी देणारे डॉक्टर. अमक्या ताई जरा कमी तिखट बोलल्या असत्या, तमक्या भाऊंनी कलेक्टर कचेरीसमोर आवाज चढवला नसता, तर काम केव्हाच मार्गी लागले असते, असे त्यांना मनापासून वाटते. यंदाच्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव करताना लेख कुठल्याही विषयावरचा असो, तो फिरून या प्रश्नापाशी येत होता. म्हणून संपादकीयही त्यावरच.

स्पष्टवक्ते कार्यकर्ते आपल्याच कामाचा घात करतात का? आमच्या मते, करत नाहीत. क्वचित करतात तेव्हाही त्याचे कारण आवाजाच्या पट्टीत नसते. आणि हे सांगायला आपल्या दोन जिल्ह्यांबाहेर फार जावे लागत नाही.

आधी म्हैसाळचे नाव घेणे भाग आहे. मिरज तालुक्यातल्या या गावात मार्च 2017 मध्ये एका विवाहितेच्या मृत्यूचा तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. जिल्हा हादरला, मोर्चे निघाले, चॅनेलवाल्यांच्या गाड्या आल्या. पण हे आभाळातून पडलेले नव्हते. 2001 च्या जनगणनेतच शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात 851 आणि साताऱ्यात 878 मुली उरल्या होत्या. उसाचा, द्राक्षाचा, दुधाचा पैसा असलेला हा पट्टा. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. कायदा होता, समित्या होत्या, भिंतीभिंतींवर 'मुलगी वाचवा' रंगवलेले होते. मुली मात्र कमीच होत होत्या.

अशा वेळी साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाच्या 'लेक लाडकी अभियाना'ने स्टिंग ऑपरेशनचा रस्ता धरला. त्यात काय काय करावे लागते ते नीट पाहण्यासारखे आहे. आधी एक गरोदर बाई तयार व्हावी लागते. तिच्याबरोबर जाऊ किंवा नणंद म्हणून एक कार्यकर्ती जाते. द्यायच्या नोटांचे नंबर पंचांसमोर लिहून घेतलेले असतात. डॉक्टर कागदावर काही लिहीत नाही. तो पेढ्याचे नाव घेतो किंवा जिलेबीचे, एवढ्यावर सगळे समजायचे. पैसे हातात पडले की बाहेर थांबलेले अधिकारी आत शिरतात. पुढे खटला. त्या बाईने साक्षीला उभे राहायचे, उलटतपासणीत तू खोटे बोलून दवाखान्यात गेलीस की नाही हे ऐकून घ्यायचे. तिची साक्ष निघेपर्यंत पोटातले ते मूल बऱ्याचदा शाळेत जाऊ लागलेले असते.

यावर डॉक्टरमंडळी चिडली. सगळ्या पेशाला चोर ठरवता, फॉर्ममधल्या बारीक चुकांवरून मशीन सील करता, ही त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य अजिबात नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तालुक्याच्या गावात वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरला हा संशय लागला असणारच. पण नोंदी न ठेवणे ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही, असे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, कारण गुन्हा पकडायचा तर त्या नोंदींवाचून दुसरा पुरावाच हाती नसतो. परळीच्या ज्या डॉक्टरला या अभियानाने 2010 मध्ये उघडे पाडले, त्याच्याच दवाखान्यात मे 2012 मध्ये गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला. दोन वर्षे आधी कोणीतरी ओरडून सांगितले होते. त्या दोन वर्षांत नुकसान कुणी केले, ओरडणारीने की ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्यांनी?

आता साताऱ्यातलीच दुसरी गोष्ट. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या 285 मुली शोधून काढल्या आणि समारंभ करून त्यांना नवी नावे दिली. कुणी स्वतःच नाव निवडले. कुणाशीही भांडण नाही, कुणावर आरोप नाही. बातमी देशभर गेली, आणि जायलाच हवी होती. सबुरीचा सल्ला देणारे हाच दाखला पुढे करतात: बघा, गोडीने काम होते. होते ना. पण मुली कुठे जातात हा प्रश्न त्याआधी सात-आठ वर्षे कुणीतरी धसमुसळेपणाने चावडीवर आणला होता, म्हणून तो सरकारी समारंभाचा विषय होऊ शकला. दोन्ही कामे लागतात. मात्र सत्कार पहिल्यांदा गोड कामाचा होतो आणि तिखट कामाला वाट पाहावी लागते. वर्षा देशपांडे यांना 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

हा सल्ला जुना आहे. कराडजवळच्या टेंभू गावात जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांना तो किती जणांनी दिला असेल! बालविवाह, केशवपन, मुलींचे शिक्षण यांवर त्यांनी 1888 पासून 'सुधारक'मधून जे लिहिले, त्यात शब्दांना साखर लावलेली नव्हती. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. चाळिशीही न गाठता 1895 मध्ये ते गेले. त्यांनी जरा जपून लिहिले असते तर केशवपन दहा वर्षे आधी थांबले असते, असे म्हणायला आम्हाला एकही आधार सापडत नाही.

मग येतात डॉ. नरेंद्र दाभोलकर. सबुरीच्या सल्ल्याची खरी परीक्षा त्यांच्यापाशी होते, कारण तो त्यांनी आधीच पाळला होता. साताऱ्याचा हा माणूस सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकला, कबड्डीत देशाकडून खेळला, साताऱ्यात दवाखाना चालवला आणि 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. ज्यांनी त्यांना ऐकले आहे त्यांना त्यांची पट्टी आठवत असेल. आवाज चढत नसे. समोरचा भक्त असो, वारकरी असो, अंगात येणारी बाई असो, कुणाचीही टिंगल त्यांच्या तोंडून निघत नसे. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे, हे ते हजार सभांतून न कंटाळता सांगत राहिले. बुवाबाजी करणाऱ्याचे नाव मात्र ते पत्त्यासकट घेत.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी विधान परिषदेत अशासकीय ठराव झाला 1995 मध्ये. 2005 मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, परिषदेत ते अडले. मग पुन्हा मसुदा, पुन्हा दुरुस्त्या. ज्या शब्दावर आक्षेप आला तो शब्द दाभोलकरांनी बदलला, वारकऱ्यांशी बोलणी केली, आमदारांच्या दारात बसून राहिले. यापेक्षा सबुरी ती कोणती? तरी 20 ऑगस्ट 2013 च्या मंगळवारी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. चार दिवसांनी, 24 ऑगस्टला, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. खुनाचा निकाल लागायला 10 मे 2024 उजाडले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

म्हणजे आगरकरांना कडक बोलल्याबद्दल तिरडी मिळाली आणि दाभोलकरांना मवाळ बोलूनही गोळी चुकली नाही. विरोध बोलण्याच्या पट्टीवर ठरत नाही, तो कुणाच्या पोटावर, प्रतिष्ठेवर किंवा गादीवर पाय पडतो त्यावर ठरतो. हे एकदा मान्य केले की निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात. आणखी एक. अठरा वर्षे जे झाले नाही ते चार दिवसांत झाले, पण ते झाले कारण मसुदा तयार होता. तो त्या कंटाळवाण्या अठरा वर्षांत तयार झाला होता. नुसत्या संतापातून वटहुकूम लिहून होत नाही.

तेव्हा घात कशाने होतो? आमच्या पाहण्यात दोन गोष्टींनी. पहिली, धार चुकीच्या माणसावर चालवल्याने. फसणाऱ्या बाईला अडाणी म्हणून हिणवले आणि फसवणाऱ्या बाबाला मोकळे सोडले, किंवा तिसऱ्या मुलीनंतर घाबरून सोनोग्राफीला आलेल्या सुनेलाच खलनायिका ठरवले, तर पुन्हा त्या गल्लीत पाऊल ठेवता येत नाही, आणि ठेवू दिले नाही तर ते योग्यच आहे. दुसरी, बोलून निघून जाण्याने. कॅमेऱ्यासमोर दणकून बोलायचे आणि पंचनाम्याच्या वेळी फोन बंद, असे कार्यकर्तेही आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या मागे राहिलेल्या गावकऱ्यांना जे भोगावे लागते त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

याउलट वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील आठवा. त्यांच्याइतके रोखठोक बोलणारे कमीच. पण ते टोलविरोधात कोल्हापूरच्या रस्त्यावर वय विसरून बसले, म्हणून त्यांचे कडक शब्दही लोकांना घरच्या थोरल्याचे वाटले. आटपाडीत 1993 पासून पाणी परिषद भरते. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी दुष्काळी तालुक्यांना उभे केले आणि भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा मागितला. ही मंडळी आडमुठी आहेत, अशक्य ते मागतात, असे तेव्हा जाणते लोक म्हणत. आज कृष्णेचे पाणी टेंभूहून उचलून आटपाडीच्या माळावर जाते. समान वाटपाची मागणी अजून पुरी झालेली नाही, आणि ती मागणारे अजून गप्प बसलेले नाहीत.

वाचकहो, या अंकात अशा काही माणसांवरचे लेख आहेत. काही तुम्हाला पटणार नाहीत, एक-दोन ठिकाणी लेखकाची भाषा तुम्हाला टोचेल. आम्ही ती मवाळ केलेली नाही. तुमची नाराजी पत्राने जरूर कळवा, ती छापू. त्याबरोबर एक मागणे आहे. तुमच्या तालुक्यात असे बोलणारे कुणीतरी असेलच, त्यांची कुठल्या तरी कोर्टात तारीख असेलच. सल्ला द्यायच्या आधी एका तारखेला जाऊन त्यांच्या शेजारच्या बाकावर बसा, साक्षीला आलेल्या बाईला चहा विचारा, आणि संध्याकाळी तिला एसटीपर्यंत सोडा.