उशिरा आलेली मदत ही मदत नव्हे

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने एक चांगला निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. पण तेव्हापासून धाराशिवमध्ये वसतिगृह, मेस, निर्वाह भत्ता यांचा विषय काढला की एक उत्तर तयार असते. फी माफ झाली, शिष्यवृत्ती मिळते, मग आणखी काय द्यायचे? असे म्हणणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, पालक आहेत, स्वतः हालअपेष्टा सोसून शिकलेले अधिकारी आहेत. त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांचा हिशेब मात्र चुकला आहे, आणि तो चुकल्यामुळे मुलांची वर्षे वाया जातात. म्हणून एकेक आक्षेप तपासून पाहू.

पहिला आक्षेप असा की सरकार पुरेसे देते. आता आकडे पाहा. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रांसाठी 51 हजार आणि उरलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी 43 हजार, असे तिचे दर ठरले. या 43 हजारांत भोजनाचे 25 हजार, निवासाचे 12 हजार आणि निर्वाहाचे 6 हजार. म्हणजे दोन वेळचे जेवण दिवसाला 68 रुपयांत, खोली महिन्याला हजार रुपयांत, आणि मोबाईलचा रिचार्ज, औषध, गावी जायचे तिकीट हे सगळे महिना पाचशेत. कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही मुलीला हा हिशेब जमवायला सांगा. ती एक डबा लावते आणि दोघींत खाते. एसटीचेही तसेच. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मुलीचा पास मोफत असतो. ती पदवीला गेली की मोफत पास संपतो, आणि नेमके तेव्हाच कॉलेज गावापासून लांब गेलेले असते.

रक्कम अपुरी आहे हा अर्धाच भाग झाला. ती हातात कधी पडते, हा खरा प्रश्न आहे. सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढायचा, रहिवासी आणि जातीचा दाखला जोडायचा, कॉलेजातून बोनाफाईड घ्यायचे, नेट कॅफेत बसून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा. मग तो कॉलेजच्या लॉगिनला थांबतो, तिथून समाजकल्याणच्या टेबलावर जातो, त्रुटी निघाली की परत विद्यार्थ्याकडे येतो. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकून पडतात. या सगळ्यात सत्र उलटते. घरमालक मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात उभा राहतो, आणि मेसवाल्या काकूंनाही किराणा रोखीने भरावा लागतो. फॉर्म कुठे अडकला आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो. हा मधला काळ विद्यार्थी उसनवारीवर काढतो, नाहीतर गावी परत जातो.

हे दुखणे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूरला परिसर आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मुंबई, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या विद्यार्थ्यांसोबत संप केला. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांनाही वसतिगृहाचे आणि भोजनाचे पैसे आधी भरायला लागत होते, हा त्यांचा प्रमुख सवाल होता. मागणी रास्त होती. शिष्यवृत्ती येईपर्यंत वाट पाहण्याचा भार कुणीतरी उचलावाच लागतो. संस्थेला तो पेलतो. शेतमजुराच्या घराला पेलत नाही.

दुसरा आक्षेप भावनिक आहे. आम्ही दिव्याखाली शिकलो, या पिढीला सगळे आयते हवे. हा इतिहास अर्धाच सांगितला जातो. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात जातिजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. निजामी राजवटीत आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा चालली, जिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. शाळेआधी मुलांच्या भाकरीची आणि निवाऱ्याची सोय लावावी लागते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. कष्ट होतेच, पण त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभे होते.

परदेशी शिकायला गेलेल्यांची गोष्टही वेगळी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जायला 1920 उजाडले, तेही साठवलेले पैसे, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षे पैशाअभावी गेली, तर सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरातल्या मुलाची किती जात असतील? हालात शिकून पुढे आलेले आज आपल्याला सल्ला देऊ शकतात. त्याच हालांमुळे ज्यांनी शिक्षण सोडले, त्यांचे म्हणणे कुणी विचारायला जात नाही.

तिसरा आक्षेप मनाच्या आरोग्याबद्दलचा. समुपदेशक वगैरे शहरी लाड आहेत, असे म्हटले जाते. धाराशिवने तरी हे म्हणू नये. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 साली बळीराजा चेतना अभियान सुरू झाले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत. बापाच्या मनावरचा ताण सरकारने ओळखला. त्याच बापाचा मुलगा कर्जाची, नापिकीची आणि घरातल्या भांडणांची चिंता घेऊन वर्गात बसतो, त्याचे काय? मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थी आत्महत्या रोखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असेही सांगितले. हा आता लाड राहिलेला नाही, कर्तव्य झाले आहे.

चौथा आक्षेप: दुष्काळी जिल्हा, पैसा कुठून आणायचा? आणि दिलेल्या पैशाचा गैरवापर झाला तर? गैरवापर होत असेल तर हजेरी पाहा, खोलीचा भाडेकरार तपासा, दोषीवर कारवाई करा. दहा लबाडांसाठी हजार प्रामाणिक मुलांना उपाशी ताटकळत ठेवणे याला दक्षता म्हणत नाहीत. राहिला पैसा. मंजूर झालेली रक्कम वेळेवर देण्याला नवी तिजोरी लागत नाही. आणि इच्छा असली की समाजही उभा राहतो. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यात नेऊन राहण्या-जेवण्यासह शिकवले. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती तर 1955 पासून खेड्यातल्या मुलांना आधार देते आहे. दुष्काळात सरकार काय देते तेही पाहा. 2023 मध्ये धाराशिव, लोहारा आणि वाशी हे तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. अशा तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ होते. परीक्षेच्या दिवसापर्यंत मूल शहरात टिकेल कसे, याचा विचार सवलतींच्या यादीत नसतो.

मग करायचे काय? माझ्या मते पाच गोष्टी.

निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश पक्का होताच द्यावा, आणि दुसऱ्या वर्षी तेच दाखले पुन्हा मागू नयेत. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. विद्यार्थ्यांच्या भत्त्याचा दर निदान वर्षातून एकदा तपासावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत कोणत्याही संस्थेने पात्र विद्यार्थ्याकडून वसतिगृहाचे वा मेसचे पैसे आगाऊ मागू नयेत.

चौथी गोष्ट जेवणाची. विद्यापीठाचा धाराशिव उपपरिसर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तुळजापूर या तीन ठिकाणी परवडणाऱ्या दरात विद्यार्थी भोजनालये सुरू व्हावीत. तुळजाभवानी मंदिर संस्थानाने पूर्वी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले आहे. देवीच्या दानातून विद्यार्थ्याच्या ताटात भाकरी वाढणे हे त्याच परंपरेतले काम ठरेल.

पाचवी गोष्ट म्हणजे जिल्ह्याचा विद्यार्थी साहाय्य कक्ष. तिथे समुपदेशक असावा. पुण्या-संभाजीनगरला जाणाऱ्यांना तिथे खोली, वसतिगृह आणि योजनांची माहिती मिळावी. परदेशी जाऊ पाहणाऱ्याला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचे ऑफर लेटर, व्हिसा हे सगळे समजावून सांगणारा माणूस तिथे बसावा. परंड्याच्या मुलाला या माहितीसाठी पुणे गाठावे लागू नये.

जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांनी, प्राचार्यांनी आणि आमदारांनी पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी हा विषय अजेंड्यावर घ्यावा. पालकांनी ग्रामसभेत ठराव करून तो मागावा. आम्ही दया मागत नाही. जे देऊ केले आहे ते वेळेवर मागतो आहोत. जूनमध्ये प्रवेश देणाऱ्या व्यवस्थेने त्या मुलाच्या जेवणाची आणि छपराची सोयही जूनमध्येच लावली पाहिजे.