स्वावलंबनाची दंतकथा

इंग्रज मनुष्य जगभर पसरला तो स्वतःच्या मनगटाच्या जोरावर, आणि आमचा मनुष्य मात्र सरकारच्या दारीं पदर पसरून बसतो, हा सिद्धान्त आमच्या सुशिक्षित वर्गाच्या जिव्हाग्रीं कायमचा वसला आहे. इंग्रजी इतिहास शिकवितांना आम्हीं तो विद्यार्थ्यांच्या तोंडून अनेकदां ऐकला. व्यासपीठावरून तर तो नित्याचाच. वारंवार उच्चारल्यानें विधान सत्य ठरत असतें, तर हें केव्हांच ठरलें असतें. म्हणून या सिद्धान्ताच्या पुराव्यादाखल ज्या वसाहतींचीं नांवें घेतलीं जातात, त्यांपैकीं एकीचा जमाखर्च आम्ही येथें मांडतों. दक्षिण आफ्रिकेंत ‘१८२० चे वसाहतवाले’ म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांचा हा हिशेब आहे.

नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपलें आणि इंग्लंडांत विजयाबरोबरच हलाखी आली. फौजेंतून सुटलेले शिपाई बेकार झाले, विणकरांचें काम गेलें, भाकरी महागली. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मँचेस्टर येथें सुधारणा मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यांत आलें. त्याच्या एक महिना आधीं, १२ जुलै रोजीं, पार्लमेंटनें केपच्या वसाहतींत कुटुंबें नेऊन बसविण्यासाठीं ५०,००० पौंड मंजूर केले होते. असंतुष्टांस घरीं पोसण्यापेक्षां परदेशीं पाठविणें स्वस्त, हा त्यांतील हिशेब उघड आहे.

अर्जांचा पाऊस पडला. जागा सुमारें चार हजार माणसांची. इच्छुक त्याहून कितीतरी पट. किमान दहा प्रौढ पुरुषांची टोळी, प्रत्येक पुरुषामागें १० पौंड अनामत, आणि त्याच्या नांवें १०० एकर जमीन, अशा अटी होत्या. प्रवास सरकारी खर्चानें. डिसेंबर १८१९ मध्यें पहिलीं जहाजें निघालीं आणि एप्रिल १८२० मध्यें अल्गोआच्या उपसागरांत हीं कुटुंबें वाळूवर उतरूं लागलीं. जहाज सरकारचें, जमीन सरकारनें दिलेली. मग या कथेंतील मनगट कोणाचें?

आम्ही त्या कुटुंबांस दोष देत नाहीं. उपाशी मनुष्यानें सरकारजवळ मदत मागणें यांत लाज कसली? आमचा वाद आहे तो त्यांची याचना लपवून तिला पराक्रमाचा शेला पांघरणाऱ्यांशीं. आणि दिलेल्या मदतीचें मोल काय होतें, हें ते कधींच सांगत नाहींत.

ज्या झुरफेल्ड प्रांतांत हीं कुटुंबें बसविलीं, तो रिकामा नव्हता. तो रिकामा करण्यांत आला होता. १८११–१२ सालीं कर्नल ग्रॅहॅमच्या फौजेनें सुमारें वीस हजार खोसा लोकांस फिश नदीपलीकडे हुसकून लावलें आणि त्याच्या नांवें ग्रॅहॅम्सटाउन हें ठाणें वसविलें. २२ एप्रिल १८१९ रोजीं मखांडा या खोसा पुढाऱ्यानें त्या ठाण्यावर चाल केली. तोफांपुढें ती फसली. पुढें तो स्वतः शरण आला, रॉबेन बेटावर कैदेंत पडला आणि तेथून निसटतांना समुद्रांत बुडाला. अशा सीमेवर पलटणी ठेवणें खर्चाचें. गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट यास तेथें दाट वस्तीची भिंत हवी होती. भाकरी मागावयास आलेलीं माणसें त्या भिंतीच्या विटा झालीं. आणि आपण विटा आहों, याची स्पष्ट कल्पना त्यांस देण्यांत आली नाहीं.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुष्कळांनीं जन्मांत नांगर धरला नव्हता. लागोपाठ तीन वर्षें गव्हावर तांबेरा पडला, १८२३ सालीं पूर आला, आणि निम्म्याहून अधिक लोक शेत सोडून गांवांकडे वळले. गाऱ्हाणें सांगावयास सभा भरवावी, तर १८२२ सालीं सॉमरसेटनें सभांवर बंदी घातली. १८३४ च्या अखेरीस युद्ध पेटलें तेव्हां त्यांचींच घरें जळालीं.

आतां त्याच भूमीवरील दुसरें चित्र पाहा. १८६० पासून नाताळांत आमचे मजूर करारानें नेण्यांत आले. करार संपल्यावर त्यांतील कित्येकांनीं भाजीपाला पिकवून स्वतःच्या श्रमानें संसार उभे केले. स्वावलंबन यापरतें कोणतें? त्याचें बक्षीस म्हणून १८९५ च्या कायद्यानें तेथें राहूं पाहणाऱ्यांवर दरसाल तीन पौंडांचा कर बसला. पुण्याचे नामदार गोखले १९१२ सालीं त्यासाठींच तेथें झगडले. तो उठला १९१४ सालीं. पुढें १९२७ च्या केपटाउन करारानें हिंदी कुटुंबांस परत पाठविण्यासाठीं सरकारी मदत देऊं केली. एका रंगाच्या कुटुंबास बसण्यासाठीं पैसा, दुसऱ्या रंगाच्या कुटुंबास उठण्यासाठीं!

वसाहतवाल्यांत खरें स्वावलंबन नव्हतेंच काय? होतें, परंतु तें जहाजावर चढण्यांत नव्हे. १८२० सालीं आलेल्यांपैकीं टॉमस प्रिंगल या कवीनें १८२४ सालीं गव्हर्नरच्या धाकापुढें वृत्तपत्राची मान तुकविली नाहीं, आणि पुढें तो गुलामगिरीविरुद्धच्या संस्थेचा चिटणीस झाला. ज्या हातानें अन्न दिलें त्याच हातास जाब विचारणें, हें स्वावलंबन आम्हांस मान्य आहे.

ग्रॅहॅम्सटाउनचें नांव २०१८ सालीं मखांडा झालें. नकाशानें चूक दुरुस्त केली. आमच्या व्यासपीठांनीं अद्याप केलेली नाहीं. कोणतेंही सरकार गरीब कुटुंबास दूर नेऊन बसवूं लागेल, तेव्हां तीन प्रश्न विचारावे: जमीन कोणाची, पहारा कोणाचा, आणि गाऱ्हाणें ऐकणार कोण? यांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्या मदतीस उपकार म्हणूं नये, आणि ती घेणाऱ्यास वीरही म्हणूं नये.