नदी गावाच्या खालीही वाहते

गोदावरीला आपण माय म्हणतो, तिची ओटी भरतो आणि गावाचा नालाही तिच्यातच सोडतो! हा कुठला न्याय?

सांडपाणी शुद्ध होणे ही जादू नव्हे. टाकीत गाळ तळाशी बसतो. मग हवा मिळाली की सूक्ष्म जीवाणू उरलेली घाण खातात. वीज गेली, हवा थांबली की ते गुदमरतात. म्हणून उद्घाटनाच्या फितीपेक्षा केंद्राचे वीजबिल आणि तिथला कामगार मला महत्त्वाचा वाटतो. लहान गावाला बिल झेपत नसेल, तर उथळ तळ्यांत हेच काम ऊन नि शेवाळ करतात. जागा मात्र जास्त लागते.

नांदेडच्या खाली, धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. नंतर पाणी अडते. वाहत्या पाण्याइतकी हवा साचलेल्या पाण्याला मिळत नाही. वरच्याने सोडलेली घाण मग खालच्याच्या वाट्याला येते.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात वापरलेले पाणी शुद्ध करून शेताला देणे ही चैन नव्हे. मित्रहो, ग्रामसभेत रस्त्याइतकेच नाल्याविषयीही विचारूया.