विश्लेषण : ‘हबल’चा ठप्प संगणक महिनाभराने कसा सुरू झाला?

घरातला संगणक अडकला, की तो बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर तंत्रज्ञाला बोलवायचे, हा आपला शिरस्ता. ‘हबल’ अवकाश दुर्बिणीचा एक संगणक १३ जून २०२१ रोजी थांबला, तेव्हा पहिला उपाय फसला आणि दुसरा उपलब्धच नव्हता. दुर्बीण सुमारे ५४० किलोमीटर उंचीवर होती आणि तिथवर दुरुस्ती पथक नेणारी स्पेस शटल यानेही २०११ मध्येच निवृत्त झाली होती.

नेमके काय बंद पडले?

हबल १९९० मध्ये अवकाशात गेली. तिची दिशा व हालचाल सांभाळणारा मुख्य संगणक १९९९ मध्ये बदलण्यात आला. कॅमेरे आणि इतर वैज्ञानिक उपकरणांवर नियंत्रण ठेवणारा संगणक मात्र वेगळा आहे. त्याची रचना १९८०च्या दशकातील. आपण सुरळीत असल्याचा संकेत तो मुख्य संगणकाला सतत देत असतो. हा संकेत बंद होताच मुख्य संगणकाने सर्व उपकरणे सुरक्षित स्थितीत नेली. त्यामुळे उपकरणे शाबूत राहिली, पण निरीक्षणे थांबली.

दोष कसा शोधला?

पहिला संशय स्मृतीवर होता. या संगणकात स्मृतीचे चार संच असतात. एक वापरात, तीन राखीव. राखीव संच वापरून पाहिले, पण उपयोग झाला नाही. मग राखीव संगणकच सुरू करण्यात आला. हा संपूर्ण विभाग अंतराळवीरांनी २००९ मध्ये बसवला होता आणि त्यातला राखीव संगणक तोवर अवकाशात एकदाही चालवलेला नव्हता. त्यानेही तीच चूक दाखवली.

वरवर पाहता हा मोठा धक्का होता. पण तपासाला दिशा इथेच मिळाली. दोन वेगवेगळे संगणक एकाच वेळी, एकाच प्रकारे बिघडण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात असणार. त्यातून संशय वीज नियंत्रण विभागाकडे वळला. हा विभाग संगणकाला स्थिर ५ व्होल्टचा पुरवठा करतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर त्यातील संरक्षक मंडल संगणकाला थांबवते. एकतर दाब बिघडला असावा किंवा काळाच्या ओघात हे मंडलच अडकले असावे, असा निष्कर्ष निघाला. जमिनीवरून हा विभाग पूर्ववत करता येत नव्हता. त्यामुळे राखीव विभागाकडे वळणे, एवढाच मार्ग उरला.

मग इतका वेळ का लागला?

कारण एक विभाग बदलायचा, तर त्याला जोडलेले इतरही भाग बदलावे लागणार होते. आज्ञेतील एखादी चूक महागात पडली असती. म्हणून प्रत्येक पायरी आधी जमिनीवरील प्रतिरूप यंत्रणेत तपासली गेली. ‘नासा’ने तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मूळ कागदपत्रे बाहेर काढली आणि ही यंत्रणा जाणणारे निवृत्त कर्मचारीही मदतीला आले. १५ जुलैला बदल सुरू झाला आणि १७ जुलैला दुर्बीण पुन्हा निरीक्षणे करू लागली.

यातून धडा कोणता?

सुटे भाग राखून ठेवणे आवश्यकच. पण ते केव्हा आणि कोणत्या क्रमाने जोडायचे, हे सांगणारी नोंद नसेल, तर राखीव यंत्रणाही शोभेचीच ठरते. जुनी प्रणाली चालू आहे तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती जाणणारे निवृत्त होतात, फायली अडगळीत जातात आणि बिघाडाच्या दिवशी शोधाशोध सुरू होते. पुणे जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दशकानुदशके चालणाऱ्या अशा प्रत्येक प्रकल्पाला हे लागू आहे. नव्या यंत्रसामग्रीसाठी निधी मागताना जुन्या यंत्रणेच्या नोंदी जपण्यासाठी आणि जाणत्यांकडून नव्यांना शिकवण्यासाठीही तरतूद असायला हवी. हबलला राखीव भागांनी सावरले खरे. पण ते वापरायचे कसे, हे जपलेल्या कागदांनी आणि जुन्या माणसांनी सांगितले.