वर्गणी संपल्यावर हातात काय उरते?



मृग नक्षत्र लागले की अकोल्यात बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. शेतकरी कपाशीची थैली विकत घेतो. गेल्या वर्षी घेतली होती, पुढच्या वर्षीही घ्यावी लागेल. सोयाबीनसाठी मात्र तोच शेतकरी पुष्कळदा दुकानात जात नाही. घरी राखलेल्या बियाण्यातले शंभर दाणे तो ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो आणि पेरणीला लागतो. एकाच शेतातील दोन पिकांत हा फरक का बरे?

त्याचे कारण तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. आपल्याकडील बहुतेक कपाशी संकरित आहे. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित वाण दिला, तेव्हापासून संकरित कापूस शेतात आला. अशा झाडाची सरकी पुन्हा पेरली, तर मेंडेलच्या नियमाप्रमाणे पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडे सारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटते. सोयाबीन स्वपरागीत असल्यामुळे त्याचे बियाणे पुढची दोन-तीन वर्षे वापरता येते.

संगणकाच्या सॉफ्टवेअरचीही विक्री अशीच दोन प्रकारे होते. एकदा किंमत भरा आणि वापरत राहा, हा एक प्रकार. दर महिन्याला वा दर वर्षाला वर्गणी भरा, हा दुसरा. फोटोशॉप बनविणाऱ्या अडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केले, की पुढच्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतील. त्यानंतर इतर अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

यात स्वस्त काय, हे गणित सोपे आहे. समजा, एखादे सॉफ्टवेअर एकरकमी ६,००० रुपयांना मिळते आणि त्याची मासिक वर्गणी २०० रुपये आहे. तीस महिन्यांत दोन्ही खर्च सारखे होतात. दोन महिन्यांच्या कामासाठी वर्गणी परवडते. पाच वर्षे वापरायचे असेल, तर दुप्पट पैसे जातात.

वर्गणीला सरसकट नावे ठेवणे मात्र योग्य नाही. एकरकमी घेतलेले सॉफ्टवेअरही म्हातारे होते. विंडोज-७ या प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये सर्वसाधारण ग्राहकांसाठी थांबविल्या. प्रणाली चालू राहिली. पण नव्या विषाणूंपुढे ती उघडी पडली. दुरुस्त्या करणाऱ्या अभियंत्यांना पगार लागतो, आपल्या फाइली साठविणाऱ्या संगणकांना वीज लागते. जिथे सेवा रोज मिळते, तिथे पैसे वरचेवर द्यावे लागले तर तक्रार कशाला?

माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या हातातले हे मासिकही वर्गणीनेच येते. उद्या वर्गणी संपली, तर नवा अंक येणार नाही. पण जुने अंक कपाटातच राहतील आणि तुमची धाकटी बहीणही ते वाचू शकेल. आता समजा, तुमच्या शाळेने तीन वर्षे खपून विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते आणि आकृत्या एका वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केल्या. चौथ्या वर्षी निधी मिळाला नाही. आकृत्या तुमच्या, मेहनत तुमची. पण फाइल उघडायची किल्ली दुसऱ्याकडे! दुकानदाराने पुढच्या वर्षीची थैली दिली नाही, एवढ्यावर हे थांबत नाही; गेल्या वर्षी घरात आलेला कापूसही त्याने कुलूपबंद केल्यासारखे हे झाले.

एकरकमी खरेदीनेही हा धोका टळतो असे नाही. अमरावतीच्या एखाद्या जुन्या छापखान्यात चौकशी करा. १९९०च्या दशकात मराठी मजकूर ज्या सॉफ्टवेअरवर जुळविला जाई, त्यात प्रत्येक कंपनीचे अक्षरसंकेत निराळे असत. सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून घेतलेले असे. तरीही तो टंक ज्या संगणकावर नाही, तिथे त्या फाइलीत देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे. त्या पद्धतीने लिहिलेले मात्र आज मोबाइलवरही वाचता येते.

तेव्हा पैसे एकदा द्यायचे की दरमहा, हा दुसरा प्रश्न झाला. पैसे देणे थांबल्यावर माझे काम माझ्या हाती राहते का, हा पहिला. ज्या सॉफ्टवेअरमधून काम सर्वांना खुल्या असलेल्या स्वरूपात बाहेर काढता येते, त्याची वर्गणी खुशाल भरावी. जिथे तसे करता येत नाही, ते एकरकमी मिळाले तरी शाळेने दोनदा विचार करावा.

निवड करायला वाव आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कपाशीचे सरळ वाणही दिले आहेत आणि त्यांची सरकी राखून पेरता येते. त्याचप्रमाणे लिबरऑफिस, इंकस्केप, गिम्प ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि ती कोणीही वापरावीत, तपासावीत, सुधारावीत. काही कामांत ती महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे पडतात, हे खरे. परंतु शाळेतील निबंध, तक्ते आणि आकृत्या यांना ती पुरेशी आहेत. शिक्षकांनी मुलांना शिकविताना निदान एक असे साधन जरूर शिकवावे, म्हणजे शाळा सुटल्यावर शिकलेले वापरण्यासाठी मुलांना वर्गणी भरावी लागणार नाही.

शेवटी एक प्रयोग सांगतो. सोयाबीनच्या शंभर दाण्यांप्रमाणे तुमच्या कामाच्या दहा फाइली निवडा. ज्या संगणकावर ते मूळ सॉफ्टवेअर नाही, तिथे त्या उघडून पाहा आणि किती नीट उघडल्या ते वहीत नोंदवा. सोयाबीनचे शंभरांतले सत्तर दाणे उगवले, तर शेतकरी निर्धास्तपणे पेरतो. तुमच्या दहांपैकी किती फाइली उगवतात?