केसांची इयत्ता
केसांनाही आता इयत्ता आली आहे. वडगाव रासाईहून येणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी आपले केस ‘३ बी’ असल्याचे सांगतात; ‘कुरळे’ हा शब्द त्यांना पुरत नाही. ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात सरळ केसांना पहिला क्रमांक दिला, आफ्रिकी घट्ट कुरळ्यांना चौथा. निगेची सोय म्हणे! निगेसाठी केसाची जाडी, सच्छिद्रता कळावी लागते. हा क्रमांक केवळ वळण सांगतो. आणि मोजणी सरळांपासूनच का, हे आम्ही विचारणारच. ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञानेही केसांच्या रंगांची पट्टी बनवली होती. १९०८ साली आजच्या नामिबियात तो मिश्रवंशीयांची मोजमापे घेत हिंडला. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये त्याच्याच विद्यार्थिनी. कवटीच्या विषमतेवरून युरोपीयांचे श्रेष्ठत्व ठरते, हे गुरूचे गृहीतक त्यांनी त्याच्याच हाताखाली लिहिलेल्या प्रबंधात खोडून काढले.