शेजारी बसलेले मास्तर

दाबोळीला उतरलेला माणूस थेट समुद्र गाठतो. आम्ही मात्र या खेपेला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमान संग्रहालयात शिरलो. सगळी गर्दी सी हॅरियरपुढे फोटो काढत होती. मी अडकलो एका बुटक्या म्हाताऱ्यापाशी, व्हॅम्पायर टी-५५. लढाऊ व्हॅम्पायर १९४३ साली इंग्लंडात पहिल्यांदा उडालं, त्याचंच हे प्रशिक्षण देणारं भावंड. नाकावर पंखा नाही, म्हणून उंच पायांची गरज नाही. बसकण मारल्यासारखं दिसतं. जेट खरं, पण वैमानिक बसतात तो पुढचा भाग चक्क लाकडाचा, बाल्सा आणि प्लायवूडचा! ‘म्हणजे आपल्या कपाटासारखंच की,’ सौ. म्हणाल्या. आपल्या कपाटाचं दार पावसाळ्यात लागत नाही, हे मी बोललो नाही. मला भावल्या त्या आतल्या दोन खुर्च्या, खांद्याला खांदा लावून. आताच्या हॉक या प्रशिक्षण विमानात गुरुजी मागे बसतात. लढाऊ विमानात पुढे एकट्यानेच बसायचं असतं, तेव्हा सवय आधीच लागलेली बरी, हे तर्काला पटतं. तरी माझं मत ठाम आहे, शिकवणाऱ्याने शेजारीच बसावं. शिष्याला घाम फुटलाय की नुसताच आव आणलाय, हे मागून कसं कळणार? मला स्कूटर शिकवताना काका मागे बसले होते. त्यांनी ‘ब्रेक’ म्हटलेलं मला ऐकू आलं, ते शेजाऱ्यांच्या अळूत पोचल्यावर.